मिथकं आणि दंतकथा : मुलं विचारतात ते प्रश्न आणि आपण द्यायची उत्तरं

ओवी

नमस्कार मंडळी.

आमच्या सहकारनगरच्या सोसायटीत कोजागिरीला गच्चीवर दूध आटतं, आणि ते आटेपर्यंत मुलांना गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे असतं. हल्लीच्या मुलांना थॉर माहीत असतो, झ्यूस माहीत असतो, जपानी कार्टूनमधले कोल्हे आणि भुतंही माहीत असतात. त्यामुळे गोष्ट जरा पुढे सरकली की हात वर होतात. हे खरं घडलं का? आपल्यासारखीच गोष्ट त्यांच्याकडे कशी? कोणी कोणाची कॉपी केली?

मोठी माणसं एकतर 'गप्प ऐक' म्हणतात, नाहीतर 'सगळं आपल्याकडूनच तिकडे गेलं' असं सांगून मोकळी होतात. मला दोन्ही पटत नाही. खरं उत्तर शोधायला गेलं तर ते बहुतेक वेळा गोष्टीइतकंच रंगतं.

सुरुवात चंद्रावरच्या सशापासून करते. जातकात, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांत, ससा भुकेल्या ब्राह्मणासाठी स्वतः आगीत उडी मारतो. ब्राह्मण म्हणजे वेष पालटून आलेला इंद्र. तो सशाला वाचवतो, पर्वत मुठीत पिळून त्याचा रस काढतो आणि त्या रसाने चंद्रावर सशाचं चित्र काढतो. (पर्वत पिळण्याची कल्पना मुलांना भयंकर आवडते.) चीनमध्ये चंद्रावरचा ससा अमृतासारखं औषध कुटतो, जपानमध्ये तो भाताचे मोची कुटतो. इथपर्यंत म्हणता येईल की बौद्ध कथा भिक्षूंबरोबर फिरल्या. पण मेक्सिकोतही ससाच आहे! अ‍ॅझ्टेक लोकांच्या कथेत चंद्र सूर्याइतकाच लखलखत होता, म्हणून देवांनी त्याच्या तोंडावर ससा फेकून मारला आणि तो मंद झाला. सोळाव्या शतकात स्पॅनिश मिशनऱ्यांनी हे लिहून ठेवलं. तिथे जातक कुठून पोचणार?

मी मुलांना सांगते की काही गोष्टी प्रवास करतात आणि काही जिथल्या तिथे उगवतात, कारण आभाळ सगळ्यांना एकच दिसतं. चंद्रावरचे काळे डाग कानांसकट सशासारखे दिसतातच. तुमच्याकडे असे आणखी प्रश्न, आणखी उत्तरं असतील तर लिहा. एकच विनंती : जे सांगाल ते कुठल्या काळातलं, कुठल्या ग्रंथातलं किंवा कुठल्या गावातलं, तेही सांगा.

पेठेतला वाचक

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. प्रलयाचा प्रश्न हमखास येतो, म्हणून तो मी घेतो.

१८७२ साली ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ नावाचा माणूस निनेवेहून (आजच्या इराकमधून) आलेल्या मातीच्या विटा वाचत होता. अस्सुरबनिपाल राजाच्या ग्रंथालयातल्या या विटा इसवीसनपूर्व सातव्या शतकातल्या. त्यात त्याला गिल्गमेशच्या महाकाव्यातली प्रलयकथा सापडली. उत्नपिश्तिम नावेत माणसं-जनावरं भरतो, नाव डोंगरावर टेकते, मग तो आधी कबुतर सोडतो, मग पाकोळी, मग कावळा. बायबलमधला नोहाही कावळा आणि कबुतर सोडतो. जमीन कुठे आहे हे बघायला पक्षी सोडणं इतकं नेमकं आहे की या दोन कथांचं नातं नाकारणं कठीण.

आता आपला मनू. सर्वांत जुनं रूप शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथात आहे. सकाळी हात धुवायला आणलेल्या पाण्यात त्याच्या हाती एक इवलासा मासा लागतो. मासा म्हणतो, मला सांभाळ, मी तुला वाचवीन. मनू त्याला आधी घड्यात ठेवतो, मग खड्ड्यात, मग समुद्रात सोडतो. पूर आल्यावर माशाच्या शिंगाला नावेचा दोर बांधतो आणि उत्तरेच्या पर्वतावर पोचतो. यात पक्षी नाहीत, जनावरांच्या जोड्या नाहीत, कोणा देवाचा रागही नाही. म्हणून मनूला नोहाची नक्कल म्हणणाऱ्यांनी आणि नोहाला मनूची नक्कल म्हणणाऱ्यांनी दोन्ही कथा शेजारी ठेवून एकदा सावकाश वाचाव्यात.

आणि खरी गंमत पुढे आहे. शतपथात तो मासा कोण, हे सांगितलेलंच नाही. महाभारताच्या वनपर्वात मासा म्हणतो, मी प्रजापती ब्रह्मा. पुराणांत येईतो तो विष्णूचा मत्स्यावतार झालेला असतो. एकाच माशाची ही वाटचाल मुलांना सांगितली तर गोष्ट कशी वाढते ते त्यांना एका दमात कळतं.

दगडधोंडे

भूशास्त्र शिकवतो, म्हणून पुराबद्दल चार ओळी. सगळ्या जगाला एकदम बुडवणारा पूर कधी आल्याचा पुरावा खडकांत नाही. पण माणूस नदीकाठी राहिला आणि नदी सगळीकडे चढते. १९६१ च्या १२ जुलैला पानशेत फुटलं, त्याच्या आठवणी पुण्यात अजून सांगितल्या जातात. पूर कुठवर आला, कोण कुठल्या माळ्यावर चढलं, हे पुढच्या पिढ्यांना पाठ आहे. लिहून ठेवलं नसतं तर त्याची कथा व्हायला फार काळ लागला नसता.

दंतकथा खऱ्या घटनेची आठवण ठेवतात का, याचं उत्तर 'कधीकधी' असं आहे. दोन उदाहरणं देतो.

अमेरिकेत ओरेगनमधल्या क्लॅमथ लोकांची कथा आहे. पाताळातला लाओ आणि आकाशातला स्केल यांचं युद्ध झालं, आग आणि धगधगते दगड उडाले, शेवटी लाओचा डोंगर आत कोसळला आणि त्या खळग्यात पाणी साठलं. आज तिथे क्रेटर लेक आहे. माउंट मझामा हा ज्वालामुखी सुमारे ७,७०० वर्षांपूर्वी फुटून अगदी असाच आत कोसळला. तेव्हा तिथे माणसं होती, राखेखाली त्यांच्या झुडपाच्या सालीच्या चपला सापडल्या आहेत. इथे कथेत आठवण आहे असं मानायला जागा आहे.

आता आपलं लोणार. लवणासुर जमिनीखाली दडून बसायचा, विष्णूने पायाच्या अंगठ्याने वरचं झाकण उडवून त्याला मारला, सरोवराचं खारं पाणी म्हणजे त्याचं रक्त. दैत्यसूदनाचं देऊळ गावात आहेच. विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं, बसाल्टमध्ये उल्का आदळून झालेलं. वय एका पद्धतीने ५२ हजार वर्षं येतं, दुसऱ्या पद्धतीने पावणेसहा लाखांच्या आसपास. यातलं कुठलंही धरलं तरी पाहिलेल्या प्रसंगाची आठवण लवणासुराच्या कथेत शिल्लक राहणं शक्य दिसत नाही. माणसं तिथे आली, त्यांना गोल विवर दिसलं, खारं पाणी चाखलं, आणि त्यांनी विचारलं, हे असं का? कथा हे त्यांचं उत्तर आहे. 'आपल्या पूर्वजांना उल्का माहीत होती' असे संदेश फिरतात ते मला म्हणूनच खटकतात. त्या लोकांनी केलेलं निरीक्षण, म्हणजे पाणी खारट आहे आणि जमीन वरून फोडल्यासारखी दिसते, हे स्वतःच कौतुकाचं आहे.

सई_कर्वेनगर

मुलाने विचारलेला प्रश्न : पाताळेश्वर पांडवांनी एका रात्रीत कोरलं का? त्याला शाळेच्या सहलीत कोणीतरी तसं सांगितलं.

पेठेतला वाचक

नाही. जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर लेणं साधारण आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट काळातलं मानतात. मुलाला तिथे परत घेऊन जा आणि तो गोल नंदीमंडप दाखवा. मग आतल्या भागात काम कुठे थांबलंय ते त्यालाच शोधू द्या. लेणं पुरतं झालेलं नाही.

आणि एका रात्रीची कथा इथूनच सुरू होते असं माझं मत. काम अर्धवट दिसलं की लोक विचारतात, अर्धवट का? मग उत्तर येतं : पांडव रात्रीत बांधत होते, कोंबडा आरवला, उजाडलं, तसेच निघून गेले. महाराष्ट्रात कितीतरी देवळांना आणि लेण्यांना ही कथा चिकटलेली आहे.

जावाफेरी

कोंबडा! याच्यावर लिहिलंच पाहिजे.

जावा बेटावर प्रंबानन हा नवव्या शतकातला देवळांचा समूह आहे. तिथली कथा अशी. बांडुंग बोंडोवोसो नावाच्या राजपुत्राला रोरो जोंग्रांग या राजकन्येशी लग्न करायचं असतं. त्यानेच तिच्या बापाला मारलेलं, त्यामुळे तिला ते नको असतं. ती अट घालते, एका रात्रीत हजार देवळं बांध. तो भुतांना कामाला लावतो. नऊशे नव्व्याण्णव होतात. तेव्हा ती गावातल्या बायकांना उठवते, पूर्वेला आग पेटवायला लावते आणि उखळात भात कांडायला लावते. उजेड दिसला, कांडणाचा आवाज आला, कोंबड्यांना वाटलं पहाट झाली. ते आरवले, भुतं पळाली. चिडलेल्या राजपुत्राने तिचीच मूर्ती केली.

ती मूर्ती तिथे दाखवतात. शिवाच्या मोठ्या देवळात उत्तरेकडच्या गाभाऱ्यात गेलं की आपल्याला समोर दिसते ती महिषासुरमर्दिनी! तिथले लोक तिला रोरो जोंग्रांग म्हणतात. मी त्या मूर्तीपुढे उभी होते तेव्हा गाईड राजकन्येची कथा सांगत होता आणि मी तिच्या पायाखालचा रेडा बघत होते. दोन्ही कथा एकाच दगडात नांदतायत, हे मला फार हलवून गेलं.

युरोपातही सैतान रात्रीत पूल बांधतो किंवा चर खणतो आणि कोंबडा आरवल्यावर काम टाकून पळतो, अशा कथा गावोगाव आहेत. भुतंखेतं पहाटेला घाबरतात, ही समजूत सगळीकडची.

सई, मुलाला सांग की त्या जावाच्या बायकांनी भात कांडून एक राजकन्या वाचवायचा प्रयत्न केला. माझ्या मते ती कथेतली सर्वांत हुशार जागा आहे.

ओवी

जावाफेरी, हे सोनं आहे. यंदा गच्चीवर हीच गोष्ट होणार.

पुढचा प्रश्न आठवीतल्या मुलाचा : अकिलीसची टाच आणि दुर्योधनाची मांडी. एकाला आईने नदीत बुडवलं, टाच धरलेली म्हणून ती कोरडी राहिली. दुसऱ्याला गांधारीने डोळ्यांवरची पट्टी सोडून बघितलं, त्याने लाजेखातर झाकलेला भाग तेवढा कच्चा राहिला. इतकं सारखं कसं?

जुनी पोथी

हा प्रश्न मला मनापासून आवडतो, कारण उत्तर अनपेक्षित आहे. या दोन्ही गोष्टी त्या-त्या महाकाव्यात नाहीतच.

ग्रीक कवी होमरच्या इलियडमध्ये अकिलीसचं शरीर अभेद्य नाही. एकविसाव्या सर्गात अ‍ॅस्टेरोपायोसचा भाला त्याच्या हाताला चाटून जातो आणि रक्त येतं. आईने नदीत बुडवल्याची गोष्ट आपल्या हाती येते ती स्टेशियस या रोमन कवीकडून, इसवीसनाच्या पहिल्या शतकात. म्हणजे होमरनंतर साधारण आठशे वर्षांनी.

आणि गांधारीची गोष्ट महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाही. तिथे दुर्योधन आईच्या नजरेवर नाही, सरावावर अवलंबून आहे. भीमाचा लोखंडी पुतळा करून त्याने तेरा वर्षं त्याच्यावर गदा चालवली, असं शल्यपर्वात येतं. मांडी फुटते ती भीमाच्या प्रतिज्ञेमुळे आणि मैत्रेय ऋषींच्या शापामुळे. गदायुद्धात कमरेखाली मारायचं नसतं, तो नियम मोडून.

आता चिकित्सक आवृत्ती म्हणजे काय, हे पुण्यात राहून तरी आपल्याला माहीत हवं. लॉ कॉलेज रस्त्यावरच्या भांडारकर संस्थेत १९१९ साली हे काम सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. १९२५ पासून १९४३ साली मृत्यू येईपर्यंत वि. सी. सुखटणकर प्रमुख संपादक होते. काश्मीरच्या शारदा लिपीपासून नेपाळी, बंगाली, देवनागरी, तेलुगू, ग्रंथ आणि मल्याळम लिपीपर्यंतच्या १,२५९ हस्तलिखितांशी पाठ ताडून पाहिला गेला. ओळीला ओळ, शब्दाला शब्द. जो श्लोक काश्मिरातही आहे आणि केरळातही आहे तो जुना असण्याची शक्यता जास्त, कारण ती दोन टोकं एकमेकांची नक्कल करायला बसली नव्हती. जो फक्त एकाच प्रदेशातल्या पोथ्यांत आहे तो तिथे नंतर शिरला असावा. ढोबळमानाने तर्क हा.

कोणाला ते खंड उघडून बघायला मिळाले तर एक पान नीट बघा. वर मोठ्या अक्षरात श्लोक. त्यातल्या काही शब्दांखाली नागमोडी रेघ : म्हणजे संपादक म्हणतायत, इथे आमची पुरती खात्री नाही. आणि खाली बारीक टायपात कुठल्या पोथीत काय पाठ आहे त्याची दाट नोंद, कित्येक पानांवर वरच्या मजकुरापेक्षा जास्त जागा व्यापणारी. संस्कृत न येणाऱ्यालाही त्या नागमोडी रेघा बघून कळतं की कोणीतरी किती प्रामाणिकपणे काम केलंय.

गणपतीने महाभारत लिहून घेतलं, ही कथाही मूळ पाठात घेतलेली नाही, परिशिष्टात आहे. 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' हे द्रौपदीच्या तोंडचं वाक्य तिथे नाही. वस्त्रहरणात द्रौपदीने कृष्णाचा धावा करण्याचा प्रसंगही मूळ पाठात नाही. वस्त्रांमागून वस्त्रं प्रकट होत राहतात एवढंच.

तुळशीवृंदावन

क्षमा करा, पण मला हे वाचून वाईट वाटलं. माझी आजी कृष्णाचा धावा म्हणताना रडायची. ते सगळं 'नंतर घुसडलेलं' का? तुम्ही विद्वान लोक कात्री घेऊन बसता आणि आमच्या हाती सांगाडा ठेवता.

जुनी पोथी

तुमचा राग मी समजू शकतो, आणि आजींबद्दल मला आदरच आहे. पण कात्री म्हणाल तर तसं झालेलं नाही. मूळ पाठात न घेतलेला मजकूर संपादकांनी फेकलेला नाही. तो त्याच खंडांत तळटीपांत आणि परिशिष्टांत, कुठल्या पोथीत आहे त्या नोंदीसकट छापलाय. कृष्णाचा धावाही तिथे आहे. गणपतीही आहे.

नंतरचं म्हणजे खोटं, असं मी कुठेच म्हटलेलं नाही. द्रौपदी भर सभेत एकटी आहे, कोणी उठत नाही, हे शतकानुशतकं ऐकणाऱ्या माणसांना सहन झालं नाही. त्यांनी तिच्या तोंडी हाक घातली आणि ती हाक ऐकणारा देव घातला. हे ज्यांनी केलं त्यांच्याबद्दल मला प्रेम वाटतं. पण हे त्यांनी केलं, हे कळायला हवं की नको? ते कळलं नाही तर त्या अनाम माणसांचं श्रेय जातं आणि आपण सगळंच व्यासांच्या नावावर टाकून देतो.

तुळशीवृंदावन

सहन झालं नाही म्हणून हाक घातली, हे पटण्यासारखं आहे. तरी माझ्यासाठी धावा हेच महाभारत आहे आणि राहील.

जुनी पोथी

आणि तसं राहण्यात गैर काहीच नाही.

खगोलप्रेमी

अंगात एकच जागा कच्ची असलेले आणखी दोन : फिर्दौसीच्या शाहनाम्यातला (१०१०) इस्फंदियार, त्याचे डोळे. आणि जर्मन निबेलुंगनलीडमधला (साधारण १२००) सीगफ्रीड. ड्रॅगनच्या रक्तात न्हाताना खांद्यांच्या मधोमध लिंडनचं पान चिकटलं, तेवढी जागा राहिली.

माझा विषय तारे. कृत्तिकांना जगभर 'सात बहिणी' म्हणतात, पण साध्या डोळ्यांना बहुतेकांना सहाच दिसतात. ग्रीकांकडे सातवी लाजून किंवा शोकाने लपली. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींकडेही सात बहिणी आणि त्यांच्या मागे लागलेला पुरुष आहे. आपल्याकडे सातव्या बहिणीचं काय झालं याचं उत्तर सुंदर आहे. महाभारतात स्वाहा सप्तर्षींपैकी सहाजणांच्या बायकांचं रूप घेते, सातवीचं, म्हणजे अरुंधतीचं, तिला घेता येत नाही. त्या सहा नवऱ्यांनी टाकलेल्या, कार्तिकेयाच्या आया झालेल्या, कृत्तिका म्हणून आभाळात एकत्र राहतात. अरुंधती वसिष्ठाजवळ राहते. लग्नात भटजी नवरा-नवरीला दाखवतात ती हीच.

डिसेंबरच्या रात्री सिंहगडावर नाहीतर वेल्ह्याकडे जा, शहराच्या उजेडापासून लांब. कृत्तिका, रोहिणी, मृग एका ओळीत दिसतात. ऐतरेय ब्राह्मणात प्रजापती हरीण होऊन रोहिणीमागे धावतो आणि रुद्र त्याला बाण मारतो. मृगाच्या पोटातल्या तीन ताऱ्यांची सरळ रेघ म्हणजे तो बाण. ग्रीकांना त्याच ताऱ्यांत शिकारी दिसला, आपल्याला शिकार दिसली. लोकमान्य टिळकांनी याच नक्षत्रावरून वेदांचा काळ ठरवायचा प्रयत्न १८९३ साली केला. त्यांचं गणित आज फारसं कोणी मानत नाही, पण कथेकडे आभाळातून बघायची ती नजर मला आजही महत्त्वाची वाटते.

नवा सदस्य ४११०३८

ट्रॉय खरंच होतं का? आणि अटलांटिस?

पेठेतला वाचक

ट्रॉय होतं. तुर्कस्तानात हिसार्लिकच्या टेकाडात एकावर एक वसलेल्या शहरांचे नऊ मुख्य थर आहेत. तिथे उत्खनन करणाऱ्या श्लीमन या जर्मन माणसाला १८७३ साली सोन्याचा ठेवा सापडला आणि त्याने तो प्रायम राजाचा म्हणून जाहीर केला, पण तो ट्रॉयच्या युद्धाच्या मानलेल्या काळाहून हजारेक वर्षं जुना निघाला. शहर सापडलं म्हणून हेलनचं अपहरण सिद्ध होत नाही.

समुद्रात बुडालं म्हणतात त्या अटलांटिस बेटाचा उल्लेख ग्रीक तत्त्वज्ञ प्लेटोच्या आधी कुठेच नाही. त्याने आपला मुद्दा मांडायला रचलेली ती कथा आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात.

कडेपठार

मी सासवडचा. मूळ प्रश्नालाच हात घालतो. धाग्याच्या शीर्षकात 'मिथक' आहे. झ्यूसला आता फार थोडे लोक पुजतात, पण आमचा खंडोबा उद्याच्या चंपाषष्ठीलाही पुजला जाणार आहे. भंडारा उधळणाऱ्या माणसाला जाऊन सांगा की मणी-मल्ल मिथक आहे.

ओवी

रास्त आहे. मी मिथक म्हणते तेव्हा खोटं असा अर्थ मनात नसतो. देवांच्या आणि सृष्टीच्या, पवित्र मानलेल्या कथा ती मिथकं. अमुक गावाशी, अमुक माणसाशी जोडलेल्या आणि घडल्या असं मानलेल्या त्या दंतकथा. आणि 'एक आटपाट नगर होतं' असं म्हणून सांगतो, जिथे खरं-खोटं कोणी विचारतच नाही, त्या लोककथा. सीमा धूसर आहेत, पण मुलांना एवढं पुरतं. तुमच्याकडची खंडोबाची गोष्ट ऐकायला आवडेल.

कडेपठार

मग बाणाईची ऐका. देव आणि म्हाळसा सारीपाट खेळतात, देव हरतो. हरल्यावर पैजेप्रमाणे राज्य सोडून जावं लागतं. तो धनगराच्या वाड्यावर जातो, मेंढरं राखतो, आणि बाणाईशी लग्न करून तिला जेजुरीला आणतो. म्हाळसा वाण्याची लेक, बाणाई धनगराची. दोघी भांडतात. म्हणून गड चढताना बाणाईचं देऊळ अर्ध्या वाटेवर, म्हाळसा वर देवाजवळ. पायऱ्या चढणारा प्रत्येकजण आधी बाणाईपुढे थांबतो.

ही कथा मी वाघ्या-मुरळीच्या जागरणात ऐकत मोठा झालो. दोन बायकांचं भांडण इतकं रंगवतात की बायामाणसं पदर तोंडाला लावून हसतात. नंतर कळलं की पुण्याच्या रा. चिं. ढेऱ्यांनी खंडोबावर आयुष्यभर काम केलं, आणि सोन्थायमर नावाचा जर्मन माणूस धनगरांबरोबर वाड्यावाड्यांवर हिंडून त्यांच्या ओव्या टिपून घेत होता. त्यांच्यासारख्यांचं वाचल्यावर दिसलं की शेतकरी, वाणी आणि धनगर यांना एका देवाखाली आणण्याचं काम ही कथा करते. माझी भक्ती त्याने कमी झाली नाही. गडावर गेल्यावर मी आता बाणाईपाशी जरा जास्त वेळ थांबतो.

सई_कर्वेनगर

कडेपठार दादा, सुंदर. माझा शेवटचा : 'मागे वळून बघायचं नाही' हे इतक्या कथांत का असतं?

जावाफेरी

ऑर्फियस बायकोला पाताळातून आणताना वळून बघतो आणि ती कायमची जाते. जपानच्या कोजिकीत (७१२) इझानागी बायकोला आणायला जातो. तिने तिथलं अन्न खाल्लेलं असतं, त्यामुळे ती अडकलेली. बघू नकोस म्हणते, तो कंगव्याचा दात पेटवून बघतो, आणि अळ्या पडलेलं प्रेत दिसतं. ओडिशात साक्षीगोपाळ : वृंदावनाहून कृष्ण साक्ष द्यायला भक्तामागे चालत निघतो, पैंजणांचा आवाज येत राहतो. वाळूत तो थांबतो, भक्त वळून बघतो, देव तिथेच उभा राहतो.

आपल्याकडे स्मशानातून परतताना मागे वळून बघत नाहीत. मला वाटतं इथे कोणी कोणाकडून घेतलं हे विचारायची गरजच नाही. जो गेला त्याच्याकडे वळून बघायचा मोह ज्यांना होतो, ती सगळी माणसं ही कथा रचू शकतात.

जुनी पोथी

सहमत, पण साक्षीगोपाळ वेगळा ठेवा. तिथे मृत्यू नाही. बघण्याने काही हरवत नाही, उलट गावाला देव मिळतो. देवी भक्तामागे आली आणि तो वळला तिथेच राहिली, अशा कथा आपल्याकडे ठिकठिकाणी आहेत. त्या 'देव इथेच का?' या प्रश्नाच्या कथा आहेत. दगडधोंडे यांच्या लोणारच्या जवळच्या.

शाहीन_कॅम्प

उशिरा आले, पण एक भर घालते. माझे आजोबा इराणी, कॅम्पात त्यांचं हॉटेल होतं. आम्ही लहान असताना ते एक गोष्ट सांगायचे. म्हातारी लेकीकडे निघते, वाटेत लांडगा, बिबट्या, सिंह भेटतात. म्हणते, लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट होऊन येते, मग खा. परत येताना भोपळ्यात बसून घरंगळत येते. शाळेत बाईंनी 'चल रे भोपळ्या टुणूक टुणूक' सांगितली तेव्हा मी ओरडले होते की ही आमची गोष्ट आहे! बाई म्हणाल्या, ही मराठी आहे. दोघींचंही खरं होतं. इराणात ही आजही लहान मुलांची फार आवडती गोष्ट आहे, 'कदू किलकिले ज़न'.

पेठेतला वाचक

बंगालीतही आहे. तिथे दुधी भोपळा, 'लाऊ गुडगुड', आणि म्हातारीचे दोन कुत्रे शेवटी कोल्ह्याचा समाचार घेतात. इराण, महाराष्ट्र, बंगाल. लांडगा, बिबट्या, सिंह बदलतील, भाजीसुद्धा बदलेल, पण 'लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा' ही युक्ती आणि तो घरंगळता प्रवास बदलत नाही. हे आपोआप दोन ठिकाणी उगवलं असं मला वाटत नाही. ही प्रवास केलेली गोष्ट आहे. कोणत्या दिशेने, ते फक्त लिखित पुराव्यावरून सांगता येत नाही, कारण अशा गोष्टी लिहिल्या गेल्या फार उशिरा.

ओवी

शाहीनताई, तुमच्या आजोबांचं रूप जसंच्या तसं लिहून ठेवा, शक्य तर त्यांच्याच शब्दांत. बाकीच्यांनीही आपापल्या घरची भोपळ्याची गोष्ट इथे टाका. तीन गोष्टी नक्की लिहा : गाव कुठलं, जनावरं कुठल्या क्रमाने येतात, आणि शेवटी भोपळ्याचं काय होतं.

कडेपठार

सासवडजवळचं गाव, आईकडून ऐकलेली. आधी कोल्हा, मग वाघ. सिंह नाही. परत येताना वाघ फसतो, कोल्हा ओळखतो आणि भोपळा फोडतो. म्हातारीने लेकीकडून निघताना ओटीत मूठभर राख घेतलेली असते, ती त्याच्या डोळ्यांत टाकून पळते.

सई_कर्वेनगर

आमचं मूळ गाव राजापूरकडचं. वाघ, मग कोल्हा, मग अस्वल. आमच्या गोष्टीत भोपळा फुटत नाही, थेट म्हातारीच्या दारात येऊन थांबतो. राख आमच्याकडे नाही. उद्या आईला फोन करून विचारते की तिच्या लहानपणी होती का.